टेपखालची दोन बोटं

आमच्या दुकानातून गेलेला कपडा परत येत नाही, ही आमची एकुलती एक बढाई. ती मारायला मी कायम तयार असते, कारण कपडा बेतते ताई आणि बढाई मारते मी. कामाची वाटणी आधीपासून तशीच आहे. त्यामुळे बँकेतल्या बाई नवा कोट हातावर टाकून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की बटण लागत नाही, तेव्हा मला राग आला तो त्यांचाच.

सुट्टीत कुठं गेला होतात का, तिथलं जेवण मानवलेलं दिसतंय, असं मी अगदी गोड आवाजात विचारलं. बाईंना रोख कळला. त्या हसल्या आणि म्हणाल्या की जेवण मला नेहमीच मानवतं, पण जुना कोट आजही अंगात येतो, मग नव्यालाच काय झालं? ताईनं कोट उलटा केला, शिवणीत किती माया सोडली आहे ते पाहिलं, आणि दोन दिवसांत उसवून सैल करून देते म्हणाली.

आमचं दुकान एका खोलीचं. पुढं काचेचं दार, मध्ये कापायचं लांब टेबल, भिंतीला दोन मशिनं, आणि मागून वर घरात जाणारा जिना. घर ताई आणि भावोजींचं. मी दोन गल्ल्या सोडून राहते, पण ते फक्त झोपण्यापुरतं, असं भावोजी म्हणतात. आमच्याकडे येतात त्या बहुतेक अंगानं भरलेल्या बायका. दुसरीकडे माप देताना त्यांना फार ऐकून घ्यावं लागतं. कापड जास्त लागेल हो, ही रेघ तुम्हाला शोभायची नाही हो. ताई असलं काही बोलत नसे. बोलणार कुठल्या तोंडानं, ती स्वतःच तेव्हा अंगानं त्या सगळ्यांची थोरली होती.

शिवाय आमची माप घ्यायची पद्धत वेगळी. बाकीचे शिंपी टेप अंगाला घट्ट लावतात आणि मग मोकळिकीसाठी वरचे आकडे मिळवतात. आमचे बाबा टेपखाली स्वतःची दोन बोटं घालत आणि टेप त्या बोटांवर जशी बसेल तेच माप धरत. माणूस श्वास घेतो, बसतो, जेवतो, त्याचा हिशेब आकड्यात कशाला, तो बोटांना कळतो, असं ते म्हणायचे. बाबा गेल्यावर टेपखालची बोटं ताईची झाली. बेतणारीनंच माप घ्यायचं हाही बाबांचाच नियम, त्यामुळे मी आयुष्यात कुणाच्या अंगाला टेप लावली नव्हती. मी मशीनवर बसायचं, चालवायचं आणि बडबडायचं.

कोटामागून गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांची तक्रार अशी की ड्रेस अंगात जातो, शोभतोही, पण वरचा सूर लावला की काखेत टाके तुटतात. मी म्हटलं, मग खालच्या सुरात गा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं मुंढा उसवायला घेतला. त्यानंतर आणखी एक झगा आला, मग एक ब्लाउज. आता मात्र सगळ्या गिऱ्हाइकांनी एका वेळी वजन वाढवलं असं म्हणायची सोय राहिली नाही.

मला चौकशा फार. ताई मला लहानपणापासून चोंबडी म्हणते, आणि ते नाव मी कष्टानं कमावलेलं आहे. मी तपास सुरू केला. आधी टेप दुसऱ्या टेपेला लावून पाहिली, दोन्ही सारख्या. मग कापड आटतंय का म्हणून एक तुकडा भिजवला, वाळवला, पुन्हा मोजला. दोऱ्यावर संशय घेतला, मशीनच्या टाक्यावर घेतला, इस्त्रीवर घेतला. ताई टेबलापाशी उभी राहून माझे हे उद्योग पाहत होती आणि कापत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच, पण मला तेव्हा काय ठाऊक.

ताईच्या ऑपरेशनला त्या वेळी वर्ष उलटून गेलं होतं. पोट लहान करायचं ऑपरेशन. तिचे गुडघे गेले होते, झोपेत श्वास अडायचा, आणि शेवटी शेवटी दुकानातून वर घरी जाताना ती जिन्यात मध्येच बसायची. भावोजी वरच्या पायरीवर, मी खालच्या, आणि मध्ये ही. माझं मत विचाराल तर मी ऑपरेशनच्या विरोधात होते. सुखाचा जीव दुःखात कशाला घालायचा, असं मी म्हटलं होतं. त्यावर ताई म्हणाली होती की चोंबडे, सुखाचा जीव कुणाचा, तुझा का माझा?

ऑपरेशन छान झालं. पण त्यानंतरचं तिचं खाणं म्हणजे मला एक नवीनच जग होतं. आधी नुसतं पाणी आणि पातळ सूप, तेही घोट घोट. मग घोटलेलं, गाळलेलं, लहान बाळाला देतात तसलं. मग मऊ अंडं, दही, मासा. भावोजींनी बाजारातून बाळाची ताटली आणि इवलासा चमचा आणला, आणि ती ताटलीसुद्धा तिला भरपूर व्हायची. प्रत्येक घास चावून चावून पार लगदा करायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही, नंतरही बराच वेळ नाही. आधी अंडं किंवा मासा, मग जागा उरलीच तर भाजी, आणि पाव शेवटी, म्हणजे कधीच नाही. जरा घाई केली की घास छातीत अडकायचा आणि ती उठून मोरीकडे जायची. माझ्या वाढदिवसाला तिनं केकचा एक तुकडा खाल्ला, तर घामानं डबडबली, छाती धडधडायला लागली, आणि ती खुर्चीवर डोळे मिटून बसून राहिली. मी घाबरून केक झाकून ठेवला. नंतर एकटीनं संपवला, ते जाऊ दे.

तिला नेमकं काय वाटतं याची मला फार उत्सुकता. भूक लागते का? नाही लागत, म्हणाली. डोक्यात लागते, पोटात नाही. चव तशीच आहे का? कॉफीचा वास नको वाटतो, आणि आवडत नव्हतं ते दही आता बरं वाटतं. मग कंटाळा नाही का येत? यावर ती थांबली आणि म्हणाली की जेवणाचा नाही येत, जेवणाबद्दल विचारणाऱ्यांचा येतो. एकदा मी तिच्यासारखं जेवून पाहायचं ठरवलं. बाळाची ताटली, इवलासा चमचा, चावणं, पाणी बंद. दुपार व्हायच्या आत मला रडू यायला लागलं आणि संध्याकाळी भावोजींनी मला त्यांच्या ताटातलं वाढलं. ताई पोट धरून हसली.

ती बारीक होत गेली, गुडघे दुखायचे थांबले, सकाळी चालायला जाऊ लागली. जिना आता न थांबता चढायची आणि वर जाऊन मला हाक मारायची. गिऱ्हाइकं तिला पाहायला यायची, अक्षरशः पाहायला. फिरून दाखवा म्हणायची. काही त्रास होतो का, असं विचारलं की ती हसून सांगायची की छे हो, काही नाही, मस्त आहे मी. हे उत्तर तिचं इतकं पाठ झालं होतं की प्रश्न पुरा व्हायच्या आत यायचं.

तर तपासाकडे वळते. एक दिवस ताईची अंगठी टेबलावरून घरंगळली. मी उचलली, तर आतल्या बाजूनं दोरा गुंडाळलेला. विचारलं, तर म्हणाली की सैल होते, घसरते, म्हणून गुंडाळला. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तिचा हात धरून टेबलावर ठेवला आणि शेजारी माझा ठेवला. तिची दोन बोटं माझ्या दीड बोटाएवढी झाली होती. अंग उतरलं तशी बोटंही उतरली होती, आणि आमच्या दुकानात मोकळीक मोजायची ती त्याच बोटांनी. वर्षभर प्रत्येक बाईच्या कपड्यातून ती बोटाबोटानं श्वास काढून घेत होती आणि आम्ही गिऱ्हाइकांच्या जेवणाला नावं ठेवत होतो.

आम्ही दोघी इतक्या हसलो की भावोजी वरून खाली आले. आम्ही सांगितलं, तेही हसले. बाबांनी सगळं शिकवलं पण शिंपीण बारीक झाली तर काय करायचं ते शिकवलं नाही, असं ताई म्हणाली. उपाय सोपा होता. माप घेताना तिनं दोन बोटांवर कापडाची पट्टी गुंडाळायची, पूर्वीएवढी जाडी होईल अशी. पट्टी मीच शिवून दिली, बटण लावून. मला स्वतःचा फार अभिमान वाटला आणि पुढचे काही दिवस मी तो सगळ्यांना वाटलाही.

पण गाणं शिकवणाऱ्या बाईंचा पुढचा ड्रेस तयार झाला तो एका बाजूनं सैल आणि दुसऱ्या बाजूनं घट्ट. हे मात्र बोटांच्या जाडीत बसत नव्हतं. दोन्ही बाजूंना तीच पट्टी आणि तीच बोटं, मग असं कसं? ताई म्हणाली, बाईच वाकड्या उभ्या राहिल्या. मी मान डोलवली, पण मला ते पटलं नाही. वाकड्यातिकड्या उभ्या राहणाऱ्या बायकांची मापं ती कित्येक वर्षं घेत आली होती.

आता मी कपड्यांकडे पाहायचं सोडून तिच्याकडे पाहायला लागले. पूर्वी ती माप घेताना गिऱ्हाइकाशी गप्पा मारायची, कुठंतरी तिसरीकडे बघत. हात आपलं काम करायचे. आता ती टेप लावताना स्वतःच्या बोटांवरून नजर हलवत नव्हती. बटण उचलताना तिच्या हातून दोनदा निसटलं. दोरा ओवायला सुई तिनं माझ्याकडे दिली आणि म्हणाली, चष्म्याचा नंबर वाढला असेल. मग एका दुपारी ती पांढऱ्या अस्तराला हातानं टाके घालत होती आणि अस्तरावर लाल ठिपका उमटला, मग दुसरा, मग तिसरा. ती टाके घालतच होती. मी म्हटलं, ताई, टोचलं ना. तिनं विचारलं, कुठं?

तिनं बोट पाहिलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. मग घाईघाईनं बोट तोंडात घातलं, अस्तर गार पाण्यात टाकलं, आणि बोलायला लागली की कामाच्या नादात कळत नाही माणसाला. मला मात्र भीती वाटायला लागली. आणि मला भीती वाटली की मी प्रयोग करते, दुसरं काही मला सुचत नाही.

लहानपणी आमचा एक खेळ होता. बाबा डोळे मिटायला सांगायचे आणि हातात चिंध्या द्यायचे, कुठलं कापड ते ओळखायचं. मी निम्मी चुकायचे, ताई एकही नाही. दुकान बंद करायच्या आधी मी तिला म्हटलं, चल, डोळे मीट, बघू अजून येतं का. तिला नको होतं. काय पोरकटपणा, मला वर जायचंय, असं ती म्हणाली. पण मी वाटेतच उभी राहिले, तेव्हा तिनं डोळे मिटून हात पुढं केला.

पहिली चिंधी रेशमाची दिली. तिनं ती चोळली, सळसळ ऐकायला मान वाकवली आणि म्हणाली रेशीम. दुसरी लोकरीची. तिनं नाकाशी नेली आणि ओळखली. मी म्हटलं, चोळायचं नाही, वास घ्यायचा नाही, नुसतं बोटांखाली धर. आणि तिच्या बोटांखाली मखमल ठेवली. मखमल आंधळ्या माणसालाच नाही, झोपलेल्या माणसालाही कळते. ताई बराच वेळ बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, सुती. मी पुढची चिंधी दिलीच नाही, त्यावरून तिला कळलं. तिनं डोळे उघडले, खाली पाहिलं, आणि खुर्चीत बसली.

"कापड लागतच नाही गं बोटांना," ती म्हणाली. "हातमोजे घालून काम करतेय असं वाटतं. आधी मुंग्या यायच्या, आता त्याही येत नाहीत. पायाच्या बोटांचंही तेच."

कधीपासून, हे मी विचारलं. बरेच महिने, म्हणाली. भावोजींना माहीत आहे का? नाही. डॉक्टरांना? तपासणीला ती गेलीच नव्हती. बरं वाटतंय तर कशाला जायचं. मग मला आठवलं की ऑपरेशननंतर दवाखान्यातल्या आहाराच्या मॅडमनी एक गोष्ट तिला पुन्हा पुन्हा बजावली होती. पोट लहान झालं की अन्नातली सगळी सत्त्वं अंगी लागत नाहीत, म्हणून व्हिटॅमिनच्या गोळ्या जन्मभर, न चुकता. सुरुवातीला भावोजी रोज सकाळी त्या तिच्यापुढे मांडायचे. मग तिनं त्यांना सांगितलं होतं की आता माझं मी बघते. मी विचारलं, ताई, गोळ्या घेतेस ना? तिनं मान हलवली, नाही म्हणून.

मी चिडले. खूप चिडले. एवढं मोठं पोट कापून घेतलंस आणि इवलीशी गोळी गिळायला काय झालं होतं, असं मी ओरडलेच. ती शांतपणे म्हणाली की पोटात जागाच केवढी, गोळ्या आणि पाणी गेलं की ती भरून जायची, मळमळायचं, मग अंडं राहायचं. दोन्हींतून तिनं अंडं निवडलं, पुढं पुढं तेही सोडून चहा आणि बिस्किटं, कारण ती अडकत नाहीत. मी म्हटलं, मग मॅडमना विचारायचंस, त्यांनी काहीतरी वाट काढली असती. यावर ती बराच वेळ टेबलावरची कात्री सरळ करत राहिली.

"लहानपणापासून माझ्या तोंडात काय जावं हे दुसऱ्यांनीच ठरवलं," ती म्हणाली. "हे खाऊ नकोस, ते किती घेतलंस, अजून एक? आई, बाबा, तू, शेजारी, डॉक्टर, सगळे. वाटलं, आता बारीक झाले, आता तरी कुणी विचारणार नाही. त्या गोळ्या हातात घेतल्या की वाटायचं, मी अजून तीच आहे, जिच्यावर लक्ष ठेवावं लागतं."

मग ती म्हणाली की तिला पोटाची काळजी नव्हती, दुखण्याचीही नव्हती. काळजी हाताची होती. बेतता आलं नाही तर मी कोण, असं तिनं मला विचारलं. मी रागातच होते, पण मला रडू आलं, आणि तिला माझी समजूत काढावी लागली. हे आमच्याकडे नेहमीच असं उलटं चालतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. भावोजी वाटभर तिचा हात धरून चालले. डॉक्टरांनी तिच्या बोटांना कापूस लावला, टाचणी लावली, तळव्यावर एक कंप पावणारा चिमटा टेकवला आणि रक्त तपासायला घेतलं. निकाल आला, तो आम्ही ओळखलाच होता. बी-बारा व्हिटॅमिन जवळजवळ संपलेलं, आणि त्याच्या अभावी नसा सुकत चाललेल्या. इंजेक्शनं सुरू झाली. आहाराच्या मॅडमनी गोळ्या दिवसभरात विभागून दिल्या, काही चघळायच्या, काही जिभेखाली ठेवायच्या, म्हणजे पोटाची जागा अडणार नाही. इतकं सोपं होतं. त्यांनी रागावून पाहिलंही नाही, आणि ताईला तेच जास्त लागलं असावं. बोटं पूर्ववत होतील का, असं भावोजींनी विचारलं. डॉक्टर म्हणाले की बरंचसं परत येतं, हळूहळू येतं. उशीर झाला आहे, त्यामुळे सगळं येईलच असं मी सांगणार नाही.

ताई दुकानात यायची, पण कात्रीला हात लावायची नाही. नवीन काम घेणं आम्ही थांबवलं. ताईला बरं नाही, एवढंच मी गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि माझ्या स्वभावाला न शोभेल इतक्या थोडक्यात सांगायचे. हाताला संवेदना नसलेल्या शिंपिणीकडे कोण कपडा टाकणार? हे आम्हा दोघींनाही कळत होतं आणि आम्ही ते एकमेकींना म्हणत नव्हतो.

अशात बँकेतल्या बाई आल्या. आल्या त्या एका सुट्या बटणाचं निमित्त करून. बटण लावून झालं, तरी बसून राहिल्या. हवा, बँक, नवा साहेब, सगळं बोलून झालं. ताकाला जाऊन भांडं लपवणारं माणूस मला लांबून ओळखू येतं. मी मशीन थांबवलं आणि सरळ विचारलं, बाई, काय आहे? तेव्हा त्या ताईकडे वळल्या. त्यांनी ऑपरेशनची तारीख घेतली होती. घरात कुणाला पटत नव्हतं, त्यांनी मात्र ताईकडे पाहून ठरवलं होतं.

"तुम्ही खरं सांगाल म्हणून आले," त्या म्हणाल्या. "काही त्रास नाही ना होत?"

मी ताईकडे पाहिलं. तिचं ते पाठ उत्तर आता येणार, असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर यावं असंही वाटलं. बाईंच्या तोंडून गोष्ट बँकेत गेली असती आणि बँकेतून गावभर. ताईनं दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवले.

"होतो," ती म्हणाली. "मला बोटांनी काही कळत नाही. तुमचा कोट त्यामुळेही चुकला."

मग तिनं सगळं सांगितलं. ऑपरेशन करू नका असं ती म्हणाली नाही. जिना चढते, झोप लागते, गुडघे दुखत नाहीत, पुन्हा ठरवायचं झालं तर मी पुन्हा करून घेईन, हेही सांगितलं. पण बारीक होणं म्हणजे सुटका नव्हे, असं म्हणाली. तोंडात काय घालायचं याचा विचार संपत नाही, उलट आता कुठं सुरू होतो, आणि तो दुसऱ्या कुणी नाही, आपणच करायचा असतो. गोळ्या, तपासण्या, चावणं, चालणं, रोज, बरं वाटत असलं तरी, आणि बरं वाटतं तेव्हा तर जास्तच. बाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी विचारलं की बोटं बरी होतील का, आणि ताई म्हणाली, माहीत नाही.

मला वाटलं, आता बाई उठतील, जपा हं म्हणतील, आणि पुढचा कोट दुसरीकडे टाकतील. त्यांनी पिशवी उचललीही. पण मग विचारलं, ऑपरेशननंतर अंगावर काय घालायचं? कमरेला काही सहन होत नाही म्हणतात. ताई पहिल्यांदा खुर्चीतून उठली. कमरेला काहीच नको, म्हणाली. समोरून पूर्ण उघडणारा झगा हवा, हात वर करावे लागणार नाहीत असा, बाही कोपरापर्यंत वर जाणारी, सुई द्यायला. तिला स्वतःला तेव्हा असा झगा मिळाला नव्हता आणि ती नवऱ्याचे शर्ट घालून पडून होती. बाई म्हणाल्या, मग तोच शिवून द्या मला. आत्ता माप घ्या.

ताईनं टेप गळ्यातून काढली. टेप हातात धरून ती उभी राहिली, आणि मला वाटलं, ही आता नाही म्हणेल, नाहीतर पट्टी गुंडाळून पुन्हा चुकेल. तिनं टेप माझ्यापुढे धरली.

मी म्हटलं, मी कधी घेतलं नाही. बेतणारीनंच घ्यायचं असतं. ती म्हणाली, घे गं, मी आहे ना. मी टेप बाईंच्या अंगाभोवती घेतली आणि टेपखाली माझी दोन बोटं घातली. ताई माझ्या बोटांकडे नाही, तोंडाकडे पाहत होती.

"टेप फिरते का बोटांवर?" तिनं विचारलं.

"फिरते."

"रुतते का?"

"नाही. पण लागते."

"कशी लागते? नीट सांग. सगळं सांग."

मी सांगितलं. टेपेची कड गार लागते. बाईंचा श्वास आत गेला की दोन्ही बोटं जराशी दाबली जातात, अंगठ्याजवळचं आधी, मग मधलं. श्वास सुटला की मधलं आधी मोकळं होतं. खाली कापडाची वीण लागते, खरखरीत, आणि तिच्याखाली अंगाची ऊब. ताईनं डोळे मिटले होते. माझं सांगून झालं तरी ती तशीच उभी होती.

"हं," ती म्हणाली. "असंच लागायचं." आणि तिनं बेतायचा खडू उचलला.